बागेत झाडं लावायची आहेत? सांगलीत अर्ज असा करा

पावसाळा तोंडावर आला की गल्लीतल्या मंडळांच्या ग्रुपवर बेत सुरू होतात: यंदा बाग साफ करू, झाडं लावू. उत्साह खरा असतो. पण बाग महापालिकेची असेल तर कुदळ मारण्याआधी परवानगीचा कागद हातात हवा. सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेच्या हद्दीत अर्ज आयुक्तांच्या नावे, उद्यान विभागाकडे करायचा. साताऱ्यात तो नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जातो, बाकी गोष्टी बहुतेक सारख्याच.

सगळ्यात आधी जागा कोणाची ते बघा. आमराई किंवा प्रतापसिंह उद्यान या महापालिकेच्याच बागा, तिथे हा प्रश्न येत नाही. घोळ होतो तो वसाहतींतल्या खुल्या भूखंडांवर. लेआउट मंजूर होताना सोडलेली जागा महापालिकेच्या नावावर चढली आहे, की अजून सोसायटीच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे, हे मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर कळतं. गुंठेवारीच्या, म्हणजे लेआउट मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटांच्या भागात तर हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नका. नुसत्या फलकावर विसंबलं आणि दोन वर्षांनी मालक उभा राहिला, की वाढलेली झाडं वादात सापडतात. कार्यालयात दाद लागत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. म्हणूनच ही चौकशी एप्रिलमध्येच सुरू केलेली बरी.

अर्ज कोणीही करू शकतं. आठ-दहा घरांनी मिळून सह्या केल्या तरी चालतं, मंडळ नोंदणीकृत नसेल म्हणून अडून बसू नका. मात्र बाग देखभालीसाठी दत्तक घ्यायची असेल तर करार येतो, आणि करारासाठी नोंदणीकृत संस्था, ट्रस्ट किंवा सहकारी गृहनिर्माण सोसायटी पुढे असलेली बरी. तेव्हा नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि सही कोणी करायची याचा ठराव तयार ठेवा.

अर्ज साध्या कागदावर चालतो, पण मोघम नको. बागेचं नाव, प्रभाग, तारीख, वेळ, अंदाजे किती माणसं येणार, कोणती आणि किती रोपं लावणार हे स्पष्ट लिहा. सोबत अर्जदारांच्या ओळखपत्रांच्या प्रती, जागेचे दोन-चार फोटो आणि हाताने काढलेला नकाशा जोडा. नकाशात प्रत्येक खड्ड्याची जागा दाखवा. वर विजेच्या तारा आहेत का, खालून पाण्याची लाईन जाते का, तेही दाखवा, कारण उद्यान विभागाचा माणूस पाहणीला आला की तो आधी तेच विचारतो. शाळेची मुलं येणार असतील तर शाळेचं पत्र आणि पालकांची संमती घ्या. अर्जाची एक प्रत स्वच्छता निरीक्षकांना द्या, म्हणजे गोळा केलेला कचरा उचलायला घंटागाडी कधी येणार हे आधीच ठरतं. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता कायद्याच्या दोन गोष्टी. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार शंभराहून जास्त माणसं जमणार असतील तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावं लागतं, आणि कचरा जागेवरच वेगळा करावा लागतो. पालापाचोळा गोळा करून पेटवणं याच नियमांत बसत नाही. तो एका कोपऱ्यात खड्डा करून कुजवायची परवानगी अर्जातच मागा, पुढे त्याच झाडांना खत होईल. दुसरं, साफसफाईच्या नावाखाली जुन्या झाडाच्या फांद्या छाटू नका. 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात झाडाला इजा करणं हेदेखील झाड तोडण्यातच मोडतं. छाटणी हवीच असेल तर वृक्ष अधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करा.

सगळ्यात मोलाचा कागद मात्र बहुतेक जण जोडतच नाहीत: देखभालीचं हमीपत्र. कोणी मागो न मागो, तो द्याच. किमान तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, कोणत्या वारी, पाणी कुठून आणणार, कुंपणाच्या जाळ्या कोण बसवणार, हे नावानिशी लिहा. बागेतला नळ किंवा बोअर वापरायची परवानगीही त्यातच मागा. जुलैत लावलेलं रोप पावसावर तगतं. मरतं ते मार्च ते मे मध्ये, जेव्हा फोटो काढणारं कोणी नसतं. पाणी घालायला चार घरं पक्की असतील तर वीसच रोपं मागा, शंभर नकोत.

रोपांसाठी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. वन महोत्सवाच्या काळात ती सवलतीत मिळतात. कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण, जांभूळ ही आपल्या हवेत रुजणारी झाडं. वड-पिंपळ भिंतीपासून आणि गटारापासून लांबच. लावताना प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण कापून काढा आणि तळाशी गोल गुंडाळलेली मुळं हलक्या हाताने मोकळी करा, नाहीतर ती तशीच वेटोळी घालत राहतात.

कृष्णाकाठच्या बागेसाठी तारीख निराळी धरा. 2005, 2019 आणि 2021 चे पूर जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये आले. तिथे कोवळं रोप जूनमध्ये लावलं तर गाळाखाली जायची भीती असते. पाणी ओसरल्यावर, सप्टेंबरमध्ये, पुरुषभर उंचीची रोपं लावा आणि अर्जात तीच तारीख टाका.

उत्तर येईना तर आवक क्रमांक घेऊन प्रभाग कार्यालयात जा. तिथेही दाद लागली नाही तर ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, आणि शिक्का मारलेली प्रत तिथे जोडा.