डेसिबल वेगळं, टक्के वेगळे: कर्णबधिर पोरांच्या फाईलमधले दोन आकडे

दहावी-बारावीच्या कर्णबधिर पोरांच्या आईबापाशी पुढच्या शिक्षणाचं बोलायला बसलं की मी आधी विचारते, याचं ऐकण्याचं किती आहे. कोणी सांगतं 75, कोणी 52. हे टक्के की डेसिबल असं विचारलं की गडबड होते, "डॉक्टरनं लिहून देलं ना मॅडम, तेच." दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत असतात, दोन्हीवर आकडे असतात, मग 75 डेसिबलचे फॉर्मवर 75 टक्के होऊन जातात आणि व्हेरिफिकेशनला फॉर्म अडकतो. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतेय.

डेसिबल म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचं माप. ते असतं ऑडिओग्रामवर, म्हणजे कानाच्या तपासणीचा तो ग्राफवाला कागद. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. डावीकडून उजवीकडे जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत जायचं, आणि रेघ जितकी खाली तितका आवाज मोठा लागतो. 25 पर्यंत कान चांगला समजतात. आपलं समोरासमोरचं साधं बोलणं साधारण 60 च्या आसपास असतं, त्यामुळे ज्याची रेघ 60 च्या खाली, म्हणजे 60 पेक्षा मोठ्या आकड्यावर गेली, त्याच्यापर्यंत कानाच्या मशीनशिवाय आपलं बोलणं जवळपास पोचतच नाही.

टक्के असतात दिव्यांग प्रमाणपत्रावर आणि यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर. ते ह्याच डेसिबलवरून काढतात पण सरळ नाही काढत. 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झ (आवाज किती जाड किती बारीक, त्याचं माप) या चार ठिकाणच्या आकड्यांची सरासरी घ्यायची, तक्त्यावरून एकेका कानाचे टक्के बघायचे, मग चांगल्या कानाचे टक्के गुणिले पाच, त्यात खराब कानाचे मिळवायचे आणि सहानं भागायचं. ह्यात चांगल्या कानाला किती वजन आहे बघा. एक कान पूर्ण गेला, दुसरा चांगला, तर लोकांना वाटतं 50 टक्के तर मिळतीलच. शून्य गुणिले पाच अधिक 100, भागिले सहा, म्हणजे 17 पण नाही होत. 40 च्या आत राहिलं की आरक्षण नाही, आणि मग बाप म्हणतो डॉक्टरनं मुद्दाम कमी लिहिलं. डॉक्टरनं हिशोबच केलेला असतो.

आणखी एक समज लय पसरलेला आहे, तपासणीच्या आधी महिनाभर मशीन काढून ठेवायची म्हणजे टक्के जास्त येतात. प्रमाणपत्राची तपासणी मशीन न लावताच होते हो. मशीन रोज लावल्यानं टक्के कमी होत नाहीत, उलट ती काढून ठेवली तर पोराचा तेवढा अभ्यास बुडतो, आणि तोही परीक्षेच्या वर्षात.

आता शाळेनंतर कोणता आकडा कुठे लागतो ते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के ही सीमा आहे, तेवढे किंवा जास्त असले की सरकारी आणि अनुदानित कॉलेजात 5 टक्के जागांचा आणि सरकारी नोकरीत 4 टक्क्यांचा हक्क लागू होतो, त्या चारपैकी 1 टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणारे यांच्यासाठी. पण पोरगा ह्या दोनपैकी कशात मोडतो हे मात्र तोच कायदा डेसिबलवर ठरवतो, दोन्ही कानात 60 ते 70 असेल तर कमी ऐकू येणारा, 70 च्या पुढे असेल तर बधिर. नोकरीच्या जाहिरातीत पदापुढे डी (बधिर) आणि एचएच (कमी ऐकू येणारा) वेगवेगळं लिहिलेलं असतं, काही पदं एकाला चालतात दुसऱ्याला नाही. म्हणून फॉर्म भरताना दोन्ही कागद समोर पाहिजेत, नुसत्या कार्डावर भागत नाही.

इथपर्यंत झालं सरकारी काम. पोरगं पुढे काय करणार हे ठरवताना मात्र मी टक्के बाजूला ठेवते आणि ग्राफ काढते. का ते सांगते. एका पोराचे चार आकडे 65, 65, 65, 65 आणि दुसऱ्याचे 40, 50, 80, 90, दोन्ही कानात तसेच. सरासरी दोघांची 65, टक्के तेच, कार्ड सारखंच, आणि पोरं एकदम वेगळी. पहिल्याला मशीन नीट बसवून दिली तर बोलणं बऱ्यापैकी कळतं. दुसऱ्याला ट्रॅक्टर ऐकू येतो, वावरातून मारलेली हाक ऐकू येते, म्हणून घरचे म्हणतात "याले ऐकू येते, नाटकं करते पोट्टा." पण स, श, फ हे बारीक आवाज त्याच्यापर्यंत येतच नाहीत. त्याला "साठ" म्हणा, तो "आठ" ऐकतो. आवाज वाढवून ओरडलं तर "आठ" च मोठ्यानं ऐकू येतं. अशा पोराला दुकानात उधारी तोंडी सांगायला बसवलं की रोज भांडण होणार, त्यालाच बिल लिहायला नाहीतर कम्प्युटरवर बसवा, तो चांगला टिकतो.

आणि ज्याचा आकडा सगळीकडे 90 च्या पुढे आहे त्याच्या घरी मी स्पष्ट सांगते की खुणांची भाषा शिकू द्या, तुम्ही पण शिका, "खुणा केल्या तर बोलणार नाही" ही भीती सोडा. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेत भारतीय सांकेतिक भाषा 2021 पासून माध्यमिकला विषय म्हणून घेता येते, आणि पीएम ई-विद्या या सरकारी शिक्षणाच्या टीव्ही चॅनलांपैकी 31 नंबरचं चॅनल त्याच भाषेसाठी आहे.

आपल्याकडे शाळा सुटली की पोरं पहिले जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात जातात, दिवाळीनंतर कापूस आला की माणसं लागतातच. "याले तर ऐकूच येत नाही, आवाजाचा काय त्रास" म्हणून कर्णबधिर पोराला जिनिंगच्या मशीनजवळच उभं करतात, हे मला अजिबात पटत नाही. 85 डेसिबलच्या वर रोज आठ तास काढले तर चांगला कानही बिघडतो, ह्याचं तर उरलेलंच थोडं आहे. तिथं ऐकायची मशीन लावून काम पण होत नाही, ती गोंगाटही वाढवते.

तर निकालाच्या आधी, आत्ताच, ह्या वर्षीचा नवा ऑडिओग्राम काढून घ्या, मशीन लावून आणि न लावता, दोन्ही. मागच्या वेळचा सातवीतला असेल तर तो ठेवा पण त्यावर ठरवू नका. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे कान तपासणाऱ्या तज्ज्ञाला सांगा की आम्हाला नाही, पोराला समजावून सांगा, म्हणजे आयटीआयच्या सरांसमोर तोच सांगेल की मला समोरून बोला, आकडे लिहून द्या, माझा डावा कान बरा आहे. जिल्हा रुग्णालयात जायच्या आधी फोन करून वार विचारा, प्रमाणपत्र देणारं डॉक्टरांचं बोर्ड रोज बसत नाही, आणि तपासणीचं टोकन सकाळीच संपतं, तेव्हा पहिल्या एसटीनं निघा.