हॉर्न ऐकला की गाडी हलत का नाही?

रविवारी सकाळी मंडईबाहेर हे दृश्य हमखास दिसतं. पिशव्या डिकीत गेल्या, माणूस गाडीत बसला, आता निघणारच. तेवढ्यात जागा मिळेल या आशेने मागे दुसरी गाडी येऊन थांबते आणि निघणारा एकदम संथ होतो. आरसा नीट करतो, मोबाइल बघतो. मागच्याने हॉर्न दिला तर मग बघायलाच नको. 'थांब आता!'

खरं तर त्याला घरी जायचंय. त्या जागेशी त्याचं काम संपलंय. तरी तो स्वतःचा वेळ घालवून ती अडवून ठेवतो. हे कोडं अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ बॅरी रुबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्याने घड्याळ लावून तपासलं. अटलांटा परिसरातल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये त्यांनी २०० चालकांचं निरीक्षण केलं. कोणी वाट पाहत नसेल तर जागा सोडायला सरासरी ३२ सेकंद लागत होते, वाट पाहणारा असेल तर ३९. पुढच्या प्रयोगात वाट पाहणाऱ्याने मुद्दाम हॉर्न वाजवला, तेव्हा लोक आणखी रेंगाळले. हे संशोधन १९९७ साली प्रसिद्ध झालं. त्यातली एक नोंद मला फार बोलकी वाटते: वाट पाहणारी गाडी महागडी असेल तर पुरुष चालक लवकर जागा सोडत. म्हणजे हा अहं सगळ्यांसमोर सारखा ताठ नसतो. समोर कोण आहे ते पाहून तो वाकतोही.

हेच १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात दिसलं होतं. अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस यांनी सिग्नल हिरवा झाल्यावरही एक गाडी मुद्दाम उभी ठेवली, कधी नवी आलिशान, कधी जुनी खटारा. खटाऱ्यामागच्या ८४ टक्के चालकांनी हॉर्न वाजवला, आलिशान गाडीमागच्या फक्त ५० टक्क्यांनी. दोघांनी तर खटाऱ्याला मागून धडकच दिली.

गाडी ही नुसती वस्तू राहत नाही, ती 'मी' होते. बंपरला ओरखडा उठला की आपण 'मला ठोकलं' म्हणतो, 'गाडीला' नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं, की गाडीवर स्टिकरसारख्या खुणा जितक्या जास्त, तितका चालक रस्त्यावर आक्रमक. स्टिकरवरचा मजकूर शांतीचा आहे की भांडणाचा, याने फरक पडत नव्हता. आपल्याकडे ४१४१ हा नंबर 'दादा' असा वाचता यावा म्हणून आकड्यांना वळणं देतात, ८०५५ चं 'बॉस' करतात. तो अभ्यास इथे झालेला नाही, पण ही पाटी दिसली की मला तो आठवतो.

वर प्रत्येकाला आपण चांगले चालक आहोत असंच वाटतं. ओला स्वेन्सन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ९३ टक्के अमेरिकी आणि ६९ टक्के स्वीडिश विद्यार्थ्यांनी कौशल्यात स्वतःला वरच्या अर्ध्या गटात बसवलं. वरच्या अर्ध्यात अर्धेच मावतात! मग मागून आलेला हॉर्न ही सूचना वाटत नाही, अपमान वाटतो.

अपमान झाल्यावर भडकतं कोण? आतून कमकुवत, न्यूनगंडाची माणसं, असा जुना समज होता. ब्रॅड बुशमन आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९८ साली तो तपासला. विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले आणि काहींना शेरा दिला, 'मी वाचलेल्या सर्वांत वाईट निबंधांपैकी हा एक.' मग एका स्पर्धेत, शेरा देणाऱ्याला कर्कश आवाज ऐकवायची संधी दिली. सर्वांत मोठा आणि लांब आवाज दिला तो स्वतःला इतरांहून थोर मानणाऱ्यांनी. साध्या आत्मसन्मानाचा, कमी असो वा जास्त, आक्रमकतेशी संबंध दिसला नाही. हा फरक आपण फार कमी करतो. स्वतःबद्दल आदर असणं वेगळं आणि तो आदर इतरांनी सतत कबूल करावा ही भूक वेगळी. दुखावते ती भूक.

हे सगळं स्वतःला मात्र दिसत नाही. डूब आणि ग्रॉस यांनी दुसऱ्या काही विद्यार्थ्यांना नुसतं कागदावर विचारलं होतं: अशा वेळी कोणाला आधी हॉर्न द्याल? मुलग्यांचं उत्तर होतं, आलिशान गाडीवाल्याला.