वॉरंटीतलं स्मार्टवॉच दुरुस्तीला देण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

स्मार्टवॉच बंद पडलं, काच तडकली किंवा आत पाणी गेलं की काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वॉरंटी आहे ना, मग पैसे कशाचे?" प्रश्न रास्त आहे. पण गर्दीत त्याचं पुरतं उत्तर देता येत नाही आणि अर्धवट उत्तरातून पुढे वाद होतात. म्हणून हे पत्रक. घड्याळ सोलापुरातल्या आमच्या दुकानातून घेतलेलं असो की ऑनलाइन मागवलेलं, देण्याआधी एकदा वाचून घ्या.

वॉरंटी कंपनीची असते, दुकानाची नसते. वॉरंटीतलं घड्याळ आम्ही उघडत नाही. ते जमा करून घेतो, पुण्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे पाठवतो आणि परत येईपर्यंत पाठपुरावा करतो. मंजूर की नामंजूर हे तिथे ठरतं. टच मधेच काम न करणं, बॅटरी फुगणं, चार्ज न होणं, सेन्सर बंद पडणं असे बनावटीतले दोष वॉरंटीत बसतात. पडून फुटलेली काच, चेपलेली कड आणि पाण्यानं गंजलेला आतला सर्किट बोर्ड हे जवळजवळ सगळ्याच कंपन्या अटींमध्ये वगळतात. एवढं आता बहुतेकांना ठाऊक असतं.

सगळ्यात जास्त वेळ कुठे वाया जातो

काय झालं ते न सांगण्यात. "मालक, हातातच बंद पडलंय बघा, काहीच झालं नाही," असं सांगून घड्याळ दिलं जातं. पाणी गेलं म्हटलं की वॉरंटी जाईल, ही भीती त्यामागे असते आणि ती आम्ही समजू शकतो. कष्टाच्या पैशाची वस्तू आहे. पण सेंटरला घड्याळ उघडल्यावर काहीच लपत नाही. बऱ्याच घड्याळांत आतून एक बारीक पांढरी पट्टी चिकटवलेली असते, पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. चार्जिंगच्या पिनांच्या आतल्या बाजूला हिरवट थर दिसतो. बोअरचं पाणी असेल तर सुकल्यावर क्षारांचे पांढरे डागही राहतात. टेक्निशियन फोटो काढतो, 'लिक्विड डॅमेज' असा शेरा मारतो आणि घड्याळ आहे तसं परत येतं.

या जाण्या-येण्यात दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि खरं नुकसान याच दिवसांत होतं. आत ओल आहे, बॅटरी जोडलेली आहे, म्हणजे बोर्डावर थोडा का होईना करंट आहे. तेवढ्यानं बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. त्याच दिवशी बोर्ड काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतला आणि नीट वाळवला तर घड्याळ वाचायची चांगली शक्यता असते. तोच बोर्ड तीन आठवड्यांनी आमच्या टेबलावर आला तर बहुतेक वेळा करण्यासारखं काही उरत नाही. जी वॉरंटी मिळणारच नव्हती तिची वाट बघण्यात, होऊ शकणारी दुरुस्तीही हातची जाते. म्हणून सांगतो, घड्याळ हौदात पडलं, मुलानं आपटलं, गाडीवरून पडताना हात घासला, जे झालं असेल ते सांगा. वॉरंटी लागू होणार नसेल तर आम्ही तिथल्या तिथे सांगतो आणि खर्चाचा अंदाज देतो. तुम्ही 'हो' म्हटल्याशिवाय घड्याळ उघडत नाही.

याचं दुसरं टोकही आहे. वेळीच दाखवलं असतं तर वॉरंटी मिळाली असती, अशीही घड्याळं येतात. टॉवेल कारखान्यातल्या एका ग्राहकाच्या घड्याळाची काच एका बाजूनं वर आली होती. गोंद सुटला असं समजून त्यांनी घरीच फेविक्विक लावून ती दाबून बसवली आणि आमच्याकडे फक्त "चार्जिंग टिकत नाही" एवढंच सांगितलं. भिंगाखाली बघितलं तर काचेच्या कडेनं गोंदाची पांढरट रेघ, आणि तिच्यात कापसाचा एक तंतू चिकटून बसलेला. काच वर येण्याचं कारण आत होतं : बॅटरी फुगून ती काचेला ढकलत होती. फुगलेली बॅटरी वॉरंटीत बसली असती, पण गोंदाची रेघ बघून सेंटरनं 'बाहेर छेडछाड झाली' असं लिहून नाकारलं. फुगलेल्या बॅटरीवर काच दाबणं धोक्याचंही आहे. लिथियमची बॅटरी आतल्या आत शॉर्ट झाली तर पेट घेऊ शकते. काच उचललेली दिसली की घड्याळ हातातून काढा, चार्जिंगला लावू नका आणि तसंच घेऊन या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा घड्याळ गाडीच्या डिकीत ठेवणंही टाळा. उष्णतेनं बॅटरी लवकर खराब होते.

बॉक्सवर वॉटरप्रूफ लिहिलंय, मग?

खरा वाद इथे होतो, आणि ग्राहकाची बाजू नेहमीच चुकीची असते असं आम्ही म्हणणार नाही.

बॉक्सवर बहुधा 'आयपी६७', 'आयपी६८' किंवा '५ एटीएम' असं लिहिलेलं असतं. आयपीतला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी स्वतः ठरवते, म्हणून बारीक अक्षरातली ओळ वाचावी लागते. ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोलीवर स्थिर पाण्याचा जेवढा दाब असतो तेवढा. असं घड्याळ घालून पोहायला हरकत नसते. पण काठावरून विहिरीत उडी मारली तर हात पाण्यावर आदळताना बसणारा धक्का वेगळा असतो. या चाचण्या साध्या, स्वच्छ पाण्यात होतात. गरम पाण्याची आंघोळ, वाफ, साबण, शाम्पू यांचा त्यात हिशेब नसतो, आणि आतलं रबराचं किंवा गोंदाचं सील याच गोष्टींनी लवकर सैल होतं. पाणी रोखण्याची ताकद कायमची नसते, वापरानं कमी होऊ शकते, हे ॲपलसारखी कंपनीसुद्धा आपल्या माहितीत स्पष्ट लिहिते.

आता दुसरी बाजू. घड्याळ नवं आहे, काच आणि कडा शाबूत आहेत, ५ एटीएम छापलेलं आहे आणि फक्त भांडी घासताना किंवा पावसात भिजल्यावर काचेच्या आत धुकं आलं. इथे सील मुळातच कमी पडलं असं म्हणायला जागा आहे. अशी केस आम्ही सोडत नाही. घड्याळ न उघडता, फोटो आणि बॉक्सवरचा मजकूर जोडून पाठवतो आणि पहिला नकार आला तरी पुन्हा लिहितो. पण त्यासाठी जॉबशीटवर, म्हणजे घड्याळ जमा करताना भरतो त्या नोंदीच्या कागदावर, "भांडी घासताना भिजलं" असं पहिल्या दिवशी लिहिलेलं हवं. तिथे "आपोआप बंद पडलं" असेल आणि आत पाणी निघालं, तर तुमचंच म्हणणं तुमच्या विरुद्ध जातं. मग आम्ही कितीही भांडलो तरी उपयोग होत नाही.

घड्याळ घेताना आम्ही चारी कडा, काच, मागची बाजू आणि पिना यांचे फोटो काढतो, प्रत्येक ओरखडा लिहून घेतो आणि तुमची सही घेतो. काही जण दुखावतात : "इतक्या वर्षांची ओळख, विश्वास नाही का?" विश्वास आहे. पण कुरिअरमध्ये किंवा सेंटरला नवा ओरखडा पडला तर तो तुमच्या माथी मारला जाऊ नये यासाठीच ते फोटो असतात. सगळे फोटो आणि जॉबशीट लगेच तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, ते जपून ठेवा. यात पाच-दहा मिनिटं जातात आणि मागच्या माणसाला थांबावं लागतं, तरी हे आम्ही बंद करणार नाही.

घड्याळ भिजलं तर

नळाला पाणी येतं त्या दिवशी पिंपं भरताना हात हौदात जातो, घड्याळ काढायचं राहून जातं. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तर आमच्याकडे रांगच असते. भिजलेलं घड्याळ आधी बंद करा आणि सुती फडक्यानं पुसा. चालू आहे का बघायला चार्जरला लावू नका. ओल्या पिनांमधून करंट गेला की त्या काळ्या पडतात आणि मग कोरडं घड्याळही चार्ज होत नाही. तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही. बंद घड्याळातलं पाणी तांदूळ ओढून घेत नाही, उलट त्याचं पीठ माइकच्या छिद्रात बसतं. हेअर ड्रायरही नको, त्यानं काचेचा गोंद मऊ होतो. शक्यतो त्याच दिवशी घेऊन या.

येताना सोबत

बिल आणि ज्या फोनला घड्याळ जोडलेलं आहे तो फोन. फोन नसला की सगळं अडतं. खात्याला जोडलेलं आणि लॉक असलेलं घड्याळ सेंटर तपासू शकत नाही, ते तसंच परत पाठवतं. आधी ॲपमध्ये डेटा सिंक करा, मग जोडणी काढा. जमत नसेल तर काउंटरवर आम्ही करून देतो. घड्याळ रीसेट केल्यावर त्यातली माहिती जाते, हे मात्र लक्षात असू द्या. हौसेनं घेतलेला वेगळा पट्टा घरीच ठेवा.

वॉरंटीची मुदत बहुतेक वेळा बिलाच्या तारखेपासून मोजतात. ऑनलाइन घेतलं असेल तर ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट पुरत नाही, खरेदीच्या ॲपमधून बिलाची पीडीएफ काढा. घड्याळ भेट मिळालेलं असेल तर देणाऱ्याकडून बिल मागायला संकोच करू नका. आमच्याकडून घेतलेल्या घड्याळाचं बिल हरवलं तरी चिंता नाही, मोबाइल नंबरवरून आम्ही ते काढून देतो.

आमच्याकडच्या घड्याळांना पाठवण्याचा खर्च लागत नाही. बाहेरून घेतलेल्यांना जाण्या-येण्याचं कुरिअर आणि पॅकिंग पडतं, आणि दावा मंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. हे काहींना खटकतं. पण त्या विक्रीत आमचा काही वाटा नसतो आणि पाठपुराव्याचे फोन मात्र आम्हीच करतो. काही कंपन्या घरून घड्याळ उचलून नेतात. तुम्हाला ते सोयीचं वाटत असेल तर हेल्पलाइनवर तक्रार कशी नोंदवायची ते आम्ही दाखवतो, त्याचे पैसे नाहीत.

"फक्त काच बदलून द्या"

ही मागणी रोजची आहे. बहुतेक स्मार्टवॉचमध्ये काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवून एकच भाग केलेला असतो. काच तडकली की पूर्ण भाग बदलावा लागतो. साध्या घड्याळांत हा खर्च नव्या घड्याळाच्या जवळ जातो, तेव्हा दुरुस्ती करू नका असं आम्हीच सांगतो. महाग घड्याळाला मात्र दुरुस्ती परवडते. नवीन घड्याळ घेताना काचेवर गार्ड आणि कडेला कव्हर घाला, आमच्याकडून घेतलेल्या घड्याळाला पहिला गार्ड आम्ही मोफत बसवतो. मागावर किंवा शिलाईवर काम करणाऱ्यांच्या घड्याळात पिनांपाशी आणि स्पीकरच्या जाळीत तंतू बसतात आणि चार्जिंग बंद पडल्यासारखं वाटतं. ती सफाई आम्ही कुणाचीही, कुठूनही घेतलेल्या घड्याळाची, मोफत करून देतो. कित्येक घड्याळं पुण्याला न जाता तेवढ्यावरच चालू होतात.

कंपनीनं नाकारलं तर

आधी कारण लेखी आणि फोटोसह मागा. "वॉरंटी लागू नाही" एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. जमा केलेल्या घड्याळांसाठी ही मागणी आम्हीच करतो. मग कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल पाठवा, सोबत आमची जॉबशीट जोडा. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस कुठेही असलं तरी तुम्हाला सोलापुरातच दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करायची असते. तक्रारीत विक्रेता म्हणून आमचंही नाव घालता येतं. त्याचं आम्हाला वाईट वाटणार नाही. आमच्याकडचे फोटो, नोंदी आणि सेंटरशी झालेला पत्रव्यवहार मागितल्यावर मिळेल.

घड्याळ परत आलं की आम्ही फोन करतो. नेताना घाई करू नका. काउंटरवरच चालू करून बघा, टच चारी कोपऱ्यांत चालतोय का, फोनला जोडलं जातंय का, हृदयाचे ठोके दिसतायत का, चार्जरला लावल्यावर खूण येतेय का ते तपासा, दिलेल्या वेळच्या फोटोंशी कडा जुळवून बघा आणि मगच सही करा. आम्ही केलेल्या पैशाच्या दुरुस्तीला बदललेल्या भागावर ३ महिन्यांची हमी आहे. पाण्यानं भिजून धुतलेल्या बोर्डाला हमी नाही, आणि हे काम हाती घेण्याआधीच आम्ही तुम्हाला सांगतो.