चॉसर, जेफ्री

(सु. १३४३–२५ ऑक्टोबर १४००). मध्ययुगीन इंग्रज कवी, राजसेवक आणि जकात अधिकारी. कँटरबरी टेल्स ह्या अपुऱ्या राहिलेल्या काव्यकथासंग्रहामुळे त्याचे नाव सर्वपरिचित आहे. त्याच्या हयातीतील सु. ५०० दप्तरी नोंदींत त्याचा उल्लेख सापडतो. तनखा, कापड, वाइन, भाडेपट्टा, मुखत्यारी, कर्ज, चोरी असे नाना विषय त्यांत आहेत. तो कविता करीत असे, एवढे मात्र एकाही नोंदीत नाही. दप्तराला ठाऊक असलेला चॉसर कारकुनी पेशाचा राजसेवक आहे. त्याची कविता ह्या नोकरीतून, तिने दाखवलेल्या माणसांतून उगवली, ही गोष्ट त्याच्या चरित्राचा विचार करताना विसरता येत नाही.

घराणे व जन्मकाळ : चॉसर हे आडनाव ‘पायमोजे किंवा पादत्राणे करणारा’ ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आले. घराणे मूळचे इप्सविचचे. लंडनला आल्यावर ह्या घराण्याने वाइनच्या व्यापारात जम बसवला. वडील जॉन आणि आई ॲग्नेस हे थेम्स स्ट्रीटवर, व्हिंट्री भागात राहत. गॅस्कनीहून आलेली वाइनची पिंपे इथेच नदीकाठी उतरत. १३२४ मध्ये जॉनच्या आत्याने इप्सविचची मालमत्ता घरातच राहावी म्हणून त्याला पळवून नेले आणि आपल्या मुलीशी त्याचे लग्न लावण्याचा घाट घातला. तो बेत फसला, आत्याला कैद झाली आणि २५० पौंडांचा जबर दंड बसला.

हा कौटुंबिक खटला जन्मकाळाच्या वादात फार उपयोगी पडतो. जुने चरित्रकार चॉसरचा जन्म १३२८ चा मानीत आणि पुष्कळ काळ तेच साल छापले जात होते. परंतु १३२४ मध्ये वडीलच चौदा वर्षांच्या आतले होते, तेव्हा ते साल टिकणे कठीण आहे. दुसरा पुरावा खुद्द चॉसरचा. ऑक्टोबर १३८६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे स्क्रोप आणि ग्रोव्हनर ह्या दोन घराण्यांच्या कुलचिन्हाच्या दाव्यात त्याने साक्ष दिली. साक्षीच्या आरंभी त्याचे वय ‘चाळीस वर्षे व अधिक’ असे नोंदलेले असून तो २७ वर्षे शस्त्रधारी असल्याचेही म्हटले आहे. ‘व अधिक’ ह्या शब्दांचा अर्थ किती ताणायचा, हा प्रश्न राहतोच. त्या खटल्यातील साक्षीदारांची वये सर्रास ढोबळ आकड्यांत दिलेली आहेत, काही तर उघड चुकीची आहेत. त्यामुळे वयाच्या आकड्यापेक्षा २७ हा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण तो १३५९ च्या फ्रान्सवरील स्वारीशी नेमका जुळतो. पहिल्या मोहिमेच्या वेळी तो सोळा-सतरा वर्षांचा असावा असे धरल्यास जन्म १३४२-४३ च्या सुमारास येतो. काही अभ्यासक तो १३४० पर्यंत मागे नेतात. प्रस्तुत नोंदीत सु. १३४३ हे वर्ष स्वीकारले आहे.

ह्याच साक्षीत चॉसरचे बोलणे म्हणता येईल असे काही टिकून राहिले आहे, तेही कारकुनाने फ्रेंचमध्ये उतरवलेले. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना त्याला एक नवी पाटी टांगलेली दिसली. निळ्या पार्श्वभूमीवर तिरपा सोनेरी पट्टा, म्हणजे स्क्रोपांचे चिन्ह. स्क्रोपांचे चिन्ह लावणारी ही सराई कोणती, असे त्याने विचारले. एकाने सांगितले, ते स्क्रोपांचे नव्हे, चेशरच्या सर रॉबर्ट ग्रोव्हनरचे आहे. हे नाव आपण तेव्हा पहिल्यांदाच ऐकले, असे चॉसरने सांगितले. रस्त्यात थांबून पाटी वाचणारा आणि अनोळखी माणसाला बोलते करणारा हा साक्षीदार कँटरबरी टेल्सच्या वाचकाला लगेच ओळखू येईल.

बालपण, सेवा व युद्ध : १३४८-४९ च्या प्लेगमध्ये लंडनची निदान एक-तृतीयांश लोकसंख्या दगावली असावी. चॉसर कुटुंब वाचले. मेलेल्या नातलगांची मालमत्ता त्याच्या आईवडिलांकडे आली. शिक्षणाविषयीचे कागद नाहीत. पहिली नोंद १३५७ ची : राजपुत्र लायनेलची पत्नी, अल्स्टरची काउंटेस एलिझाबेथ, हिच्या घरखर्चात त्याच्यासाठी आखूड अंगरखा, लाल-काळे पायमोजे आणि एक बुटांचा जोड घेतल्याचे लिहिले आहे. ही हिशेबाची पाने पुढे कोणीतरी एका हस्तलिखिताच्या बांधणीत आतून चिकटवली आणि म्हणूनच ती वाचली. १३५९-६० च्या स्वारीत तो फ्रेंचांच्या हाती लागला. १ मार्च १३६० रोजी त्याच्या सुटकेच्या रकमेत राजा तिसऱ्या एडवर्डने १६ पौंडांची भर घातली. १३६६ च्या सुमारास फिलिपाशी त्याचे लग्न झालेले दिसते. ती पुढे राजपुत्र जॉन ऑफ गाँटची तिसरी पत्नी झालेल्या कॅथरिन स्विनफर्डची बहीण होती, असे बहुतेकजण मानतात. १३६७ मध्ये तो राजाच्या घरसेवेत आला आणि त्याला सालीना २० मार्कांचा तनखा सुरू झाला. (मार्क हे नाणे नव्हे, हिशेबातील एकक, १३ शिलिंग ४ पेन्स.)

राजकामासाठी त्याने बरेच प्रवास केले. १३७२-७३ मध्ये तो जेनोवा व फ्लॉरेन्सला गेला, १३७८ मध्ये मिलानला. दुसऱ्या खेपेस जाताना त्याने कवी जॉन गावर ह्याला आपला मुखत्यार नेमले. दान्ते, पेत्रार्क, बोकाचो ह्यांच्या लेखनाचा जो ठसा त्याच्या काव्यावर दिसतो तो ह्या प्रवासांनंतरचा. पेत्रार्कची प्रत्यक्ष भेट झाल्याची समजूत आकर्षक असली, तरी तिला आधार नाही.

ऑल्डगेट व जकात : १३७४ हे वर्ष भाग्याचे ठरले. सेंट जॉर्जच्या दिवशी राजाने त्याला आजन्म रोज एक घागर वाइन दिली. मे महिन्यात लंडनच्या तटातील ऑल्डगेट वेशीवरचे घर बिनभाड्याने मिळाले. जूनमध्ये लंडन बंदरात लोकर व कातड्यावरील जकातीचा नियंत्रक म्हणून त्याची नेमणूक झाली. लोकरीची जकात हा राजाच्या उत्पन्नाचा कणा होता. ती वसूल करणारे निकोलस ब्रेम्बर, जॉन फिलिपॉट, विल्यम वॉलवर्थ हे स्वतःच बडे व्यापारी, शिवाय राजाचे सावकार. त्यांच्या वहीचा पडताळा घेणारी दुसरी वही नियंत्रकाने ठेवायची आणि ती स्वतःच्या हाताने लिहायची, अशी अट नेमणूकपत्रात होती. पगार सालाचा १० पौंड. १३७६ मध्ये जकात चुकवून नेलेल्या लोकरीच्या दंडापोटी मात्र त्याला एकदम ७१ पौंड ४ शिलिंग ६ पेन्स मिळाले. द हाउस ऑफ फेम ह्या काव्यात गरुड त्याला म्हणतो, हिशेब उरकलास की तू घरी येतोस आणि दगडासारखा मुका होऊन पुन्हा एका पुस्तकापुढे बसतोस. जकातघराचा हा एवढाच कवडसा त्याच्या कवितेत पडला आहे.

चँपेन प्रकरण : ४ मे १३८० रोजी सेसिली चँपेन ह्या लंडनच्या बेकराच्या मुलीने चॉसरला हक्कसोडपत्र लिहून दिले. त्यात ‘दे राप्तू मेओ’ ह्या लॅटिन शब्दांसह सर्व दाव्यांतून त्याची मोकळीक केली आहे. १८७३ मध्ये फर्निव्हॉल ह्या अभ्यासकाने हा कागद उजेडात आणला. ‘राप्तुस’ म्हणजे बलात्कार की पळवून नेणे, यावर नंतरची सव्वाशे-दीडशे वर्षे वाद झाला. १९९३ मध्ये तीन दिवसांनंतरची दुसरी नोंद सापडली. तीत हा शब्द गाळलेला आहे. २०२२ मध्ये युआन रॉजर व सबॅस्टियन सोबेकी ह्यांनी किंग्ज बेंच न्यायालयाची आणखी कागदपत्रे प्रसिद्ध केली. त्यांनुसार टॉमस स्टाँडन नावाच्या माणसाने चॉसर आणि सेसिली ह्या दोघांवर मिळून दावा लावला होता : सेसिली मुदतीपूर्वी त्याची चाकरी सोडून गेली आणि चॉसरने तिला ठेवून घेतले. म्हणजे ती दोघे प्रतिपक्ष नव्हती, एकाच बाजूचे प्रतिवादी होती. आणि ‘राप्तुस’चा अर्थ येथे चाकरी बदलण्याशी निगडित असावा. हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. तरीही हक्कसोडपत्राला राजाच्या चेंबरलेनसारखे (राजगृहाचा बडा अधिकारी) वजनदार साक्षीदार का लागले, हे त्यातून पुरते उलगडत नाही. शिवाय सेसिलीची बाजू तिच्या शब्दांत कुठेच नाही, याचे भान ठेवावे लागते.

हा दावा ज्या कायद्याखाली होता तो प्लेगनंतरचा. मजुरांची संख्या घटल्याने मजुरी वाढली. ती जुन्या दराने बांधून ठेवण्यासाठी आणि चाकरांना मालक बदलता येऊ नये म्हणून १३४९ चा वटहुकूम व १३५१ चा कायदा आला. त्यात डोईपट्टीची भर पडून जून १३८१ मध्ये शेतकऱ्यांचा उठाव झाला. एसेक्सचे बंडखोर ऑल्डगेटमधूनच, म्हणजे चॉसरच्या घराखालून, शहरात शिरले. व्हिंट्रीतील सेंट मार्टिन चर्चपाशी फ्लेमिश (फ्लँडर्सहून आलेल्या) लोकांची कत्तल झाली. हे त्याच्या बालपणीचे मोहल्ले. चॉसर त्या वेळी घरात होता की नाही, याचा पुरावा नाही. त्याच्या काव्यातील स्पष्ट उल्लेख एकच : कोल्ह्याचा पाठलाग करणाऱ्यांचा गलका सांगताना त्याने उठावाचा एक म्होरक्या जॅक स्ट्रॉ ह्याच्या टोळीची, फ्लेमिश लोकांना मारतानाची आरोळी आठवली आहे.

उत्तरायुष्य : १३८५ पासून तो केंटमध्ये न्यायाधीशी करू लागला, १३८६ मध्ये केंटतर्फे संसदेत बसला. राजा दुसऱ्या रिचर्डच्या माणसांविरुद्ध वारे फिरताच त्याने ऑल्डगेटचे घर आणि जकातीची जागा सोडली. १३८८ मध्ये ब्रेम्बर आणि लेखक टॉमस अस्क ह्यांना देहान्त शिक्षा झाली, हे पाहता त्याचे दूर होणे शहाणपणाचे ठरले. १३८९ ते १३९१ तो राजाच्या बांधकामांचा अधिकारी होता. १३९० मध्ये सरकारी पैसा नेताना वाटेत त्याला लुटले गेले. १३९१ मध्ये त्याने दहा वर्षांच्या ‘लहानग्या लुइस’साठी ॲस्ट्रोलेब (ग्रहताऱ्यांची उंची मोजण्याचे उपकरण) वापरण्याची पुस्तिका इंग्रजीत लिहिली, कारण मुलाला लॅटिन अजून नीट येत नव्हते. फ्रेंच दरबाराची आणि लॅटिन विद्येची असताना त्याने सारे काव्यही इंग्रजीतच केले. गावरने तिन्ही भाषांत लिहिले.

द बुक ऑफ द डचेस (जॉन ऑफ गाँटची पहिली पत्नी, १३६८ मध्ये वारलेल्या ब्लांशच्या स्मरणार्थ), ट्रॉयलस अँड क्रिसेड आणि कँटरबरी टेल्स ह्या त्याच्या प्रमुख कृती. शेवटच्या ग्रंथातील २४ कथांचा क्रम हस्तलिखितांगणिक बदलतो. हेंगर्ट व एल्झमिअर ह्या दोन सर्वांत महत्त्वाच्या प्रती एकाच लेखनिकाच्या हातच्या मानल्या जातात. तो ॲडम पिंकहर्स्ट असावा, हे २००४ मधील मत आता सर्वमान्य राहिलेले नाही.

डिसेंबर १३९९ मध्ये त्याने वेस्टमिन्स्टर ॲबीच्या बागेतील घर ५३ वर्षांच्या पट्ट्याने घेतले. तनख्याची शेवटची नोंद जून १४०० ची आहे. २५ ऑक्टोबर ही मृत्यूची तारीख केवळ १५५६ मध्ये निकोलस ब्रिगमने उभारलेल्या थडग्यावरून कळते. ॲबीत त्याचे दफन झाले ते बहुधा तिथला भाडेकरू म्हणून. १५९९ मध्ये कवी एडमंड स्पेन्सरला त्याच्याजवळ पुरण्यात आले आणि त्या कोपऱ्याला कवींचा कोपरा म्हणण्याची रीत पुढे पडली.