मध गोठला म्हणजे साखर मिसळली?

बाटलीच्या तळाशी पांढरट रवा दिसला की ‘यात साखर घातलीय’ म्हणत गिऱ्हाईक बाटली परत आणतं. हा समज खोटा आहे. मधात मुळातच फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या दोन साखरा मुख्यतः असतात. ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतं, म्हणून त्याचे कण बनतात. मोहरीचा मध काही आठवड्यांतच थिजतो. १४ अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळ्यात झपाट्याने घडतं, म्हणून तक्रारी थंडीत वाढतात.

बाटली ४० अंशांच्या पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळा. काही तासांत मध पातळ होतो. घाईने उकळलात तर वास आणि एन्झाइम्स दोन्ही जातात.

खरी भीती ओलाव्याची. पोळ्याची निदान तीन-चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्यावरच मध काढावा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (ओलावा मोजायच्या उपकरणावर) ओलावा २० टक्क्यांखाली आहे ना, ते बघावं. जास्त ओलाव्याचा मध गोठला की वरचा पातळ थर आणखी पाणीदार होतो, फेसाळतो, आंबूस वास मारतो. असा मध मात्र खुशाल परत करा.

आणि हो, भेसळ ओळखायला पाण्यात थेंब सोडणं, मधात भिजवलेली वात पेटवणं या परीक्षांवर विसंबू नका. मधात मिसळलेलं तांदळाचं सिरप प्रयोगशाळेतच पकडता येतं.