शिराझ (वाइन)

शिराझ : सिरा या काळसर निळ्या, जाड सालीच्या द्राक्षापासून तयार होणारी गडद रंगाची, भरदार रेड वाइन. फ्रान्समध्ये वाण आणि वाइन या दोहोंनाही ‘सिरा’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात तेच ‘शिराझ’ झाले आणि भारतीय बाटल्यांवरही बहुधा हेच नाव आढळते.

नावामुळे या वाणाचे मूळ इराणमधील शिराझ शहरात असल्याची आख्यायिका दीर्घकाळ सांगितली गेली. १९९८ मध्ये फ्रान्स आणि कॅलिफोर्नियातील संशोधकांच्या डीएनए तपासणीने ती खोडून काढली : द्युरेझा हे काळे आणि माँद्यूझ ब्लांश हे पांढरे, अशा आग्नेय फ्रान्समधील दोन जुन्या वाणांच्या संकरातून सिरा जन्मले आहे. ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातील एर्मिताज, कोर्नास आणि कोत-रोती (शब्दशः ‘भाजलेला उतार’) येथील वाइन या वाणाचा मानदंड समजल्या जातात. ऑस्ट्रेलियातील द्राक्षशेतीचे आद्य प्रवर्तक जेम्स बस्बी यांनी युरोपातून जमवलेल्या द्राक्षकाड्या १८३२ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचल्या. तेथील बरोसा खोऱ्यात १८४३ च्या सुमारास लावलेल्या वेली आजही फळतात, कारण युरोपातील मळे उद्ध्वस्त करणारी फिलॉक्सेरा ही कीड त्या भागात कधी शिरली नाही.

महाराष्ट्रात हे वाण प्रामुख्याने नाशिक परिसरात घेतले जाते. पावसाळ्यामुळे येथे वेलींची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करतात. युरोपात शरद ऋतूत होणारी तोडणी येथे हिवाळ्याच्या अखेरीस होते. संत्र्यांच्या नागपुरात मिळणारी देशी शिराझ बहुधा तिकडूनच येते.

चवीत जांभूळ आणि काळ्या मनुकांची आठवण देणारे फळ, काहीसा धूर आणि सर्वांत ओळखीचा असा काळ्या मिऱ्याचा वास असतो. हा वास केवळ कल्पनेचा खेळ नाही. द्राक्षाच्या सालीत रोटंडोन नावाचे संयुग असते आणि काळ्या मिऱ्याचा वासही मुख्यतः त्याच संयुगामुळे येतो, हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. सुमारे एक पंचमांश लोकांना तो मुळीच जाणवत नाही, त्यामुळे एकाच टेबलावरच्या दोघांचे मत अगदी भिन्न पडू शकते. थंड हवेत पिकलेल्या फळात मिऱ्याचा अंश अधिक असतो. उष्ण प्रदेशातील शिराझ अधिक फळदार लागते आणि तिच्यातील अल्कोहोल १४ टक्क्यांच्या पुढेही जाते. साल व बियांतील टॅनिनमुळे जिभेवर जो तुरटपणा रेंगाळतो, तो कच्चे जांभूळ खाणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

खाद्यपदार्थांशी जोडी लावताना मिरे आणि मिरची यांतला भेद पाळणे महत्त्वाचे आहे, आणि नागपुरात तो विशेष कसोटीला लागतो. हलबा कोष्टी समाजाच्या स्वयंपाकघरातून आलेल्या सावजी मसाल्यात काळे मिरे व दगडफूल असते, म्हणून शिराझ त्याची सहज सोबतीण वाटते. परंतु लालभडक तर्रीच्या रश्श्यासमोर ती हरते : मिरचीतील कॅप्सेसिनची आग अल्कोहोलने वाढते, टॅनिन अधिक कडवट लागते आणि फळाची चव हरवून जाते. झणझणीत पाटवडी रश्श्याबरोबर म्हणूनच ती घेऊ नये. त्याच मसाल्यातले, तिखट आवरते घेतलेले सुके मटण मात्र उत्तम, कारण टॅनिन मांसातील प्रथिने व चरबीशी जुळून सौम्य होते. निखाऱ्यावरचे कबाब, मिरपूड घातलेली कलेजी आणि मुरवलेले चीज यांच्याशीही तिचे जमते. शाकाहारी ताटात तिला सर्वांत जवळचे म्हणजे तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत, कारण जळालेल्या सालीचा धूर वाइनमधल्या धुराशी मिसळतो. मिरची मात्र बेतानेच घालावी.

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा युरोपातील नियम नागपूरच्या मे महिन्यात लागू पडत नाही. शिराझसाठी १६ ते १८ अंश सेल्सिअस योग्य, आणि बाहेर पारा ४५ च्या घरात असताना त्यासाठी बाटली आधी फ्रीजमध्ये ठेवावीच लागते. गरम शिराझमध्ये अल्कोहोलच पुढे येते. उन्हाळाभर माळ्यावर पडून राहिलेल्या बाटलीतले फळ शिजल्यासारखे लागते, आणि नंतर कितीही थंड केले तरी मूळ चव परत येत नाही.