बॅटची गोलाई घासायची कशाने? आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

बॅट घासायला घेतली की पहिला प्रश्न येतो, सँडपेपर किती नंबरचा घेऊ? आम्ही आधी उलटं विचारतो की पेपरच्या मागे काय धरणार आहात, कारण गोल भागावर पेपरच्या नंबरापेक्षा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) मागचा आधार कडक आहे का मऊ यानेच काम बनतं किंवा बिघडतं.

सगळ्यात त्रास देते ती बॅटची पाठ. नियमाप्रमाणे बॅट जास्तीत जास्त १०८ मिमी रुंद असते, म्हणजे मधल्या कण्यापासून कडेपर्यंत एका बाजूला फार तर ५४ मिमी जागा, आणि वजन कमी करायला तिथलं लाकूड काढलेलं असेल तर लांब पन्हळीसारखा खोलगट भाग तयार होतो. आता नेहमीचा ऑर्बिटल सँडर, म्हणजे चकती फिरवून घासायचं मशीन घ्या, त्याची चकती १२५ मिमीची, ती पन्हळीत उतरतच नाही, कणा आणि कड दोन्हीवर टेकते, तिथलं लाकूड खाते आणि तळ तसाच राहतो. मशीनच वापरायचं असेल तर ७५ मिमीची छोटी चकती घ्या आणि तिच्यामध्ये नि पेपरमध्ये फोमचं पॅड लावा. त्याहून चांगला हवा भरायचा रबरी ड्रम, ड्रिलला लागतो, हवा थोडी कमी ठेवली की बॅटचा आकार धरतो. फक्त एका जागी थांबू नका, विलो मऊ लाकूड आहे, खड्डा पडायला वेळ लागत नाही.

हाताने करणार असाल (आणि एकच बॅट असेल तर हातानेच करा असं आम्ही मनापासून सांगू) तर रबरी पाइपचा तुकडा घेऊन त्याला पेपर गुंडाळा. पाइपची गोलाई पन्हळीपेक्षा थोडी लहान हवी, मोठी घेतली तर परत तेच, दोन्ही कडांवर घासत बसाल. खूप खडबडीत असेल तर आधी गोल कडेचा स्क्रॅपर पत्रा फिरवा, धूळ कमी होते आणि पेपरही वाचतात.

मग सगळीकडे मऊ स्पंजच का नको? कारण विलोच्या रेषांमध्ये एक पट्टा मऊ, एक कडक असतो, स्पंज मऊ पट्टा जास्त खातो आणि हाताला बारीक लाटा लागायला लागतात. म्हणून समोरच्या बाजूला, जिथे गोलाई अगदी हलकी असते, तिथे कॉर्कचा ठोकळा बरा. हँडल जिथे पात्यात बसतं त्या व्ही आकाराच्या जोडावरही तेच, हँडलचा वेत आणि पात्याचा विलो सारखे झिजत नाहीत, मऊ आधाराने तिथे पायरी पडते. खांद्याच्या बाहेरच्या गोलाईला मात्र कापडी पाठीच्या पेपरची पट्टी दोन्ही हातांनी धरून बूट पुसतात तशी ओढायची, पण हलक्या हाताने.

समोरची बाजू आणि कडा प्रेस केलेल्या असतात, वरचा थर दाबून कडक केलेला असतो, तो घासून गेला तर बॅट लवकर पिचते. तिथे मशीन नको, ८० नंबरचा पेपरही नको, १८० ने मळ आणि जुनं तेल निघेल एवढंच करून थांबा. पाठीला ८०, १२०, १८०, २४० असं क्रमाने जा आणि शेवटचे हात नेहमी रेषांच्या दिशेनेच मारा. प्रत्येक नंबराआधी पेन्सिलीने हलक्या रेघोट्या मारून ठेवा, जिथे रेघ उरली तिथे पेपर पोचलाच नाही हे लगेच कळतं. नवा पेपर लावायच्या आधी भुसा पुसा, नाहीतर जुन्या पेपरचा एखादा जाड कण परत ओरखडे पाडतो. मास्क लावायचाच, धूळ फार बारीक असते.

शेवटी कच्च्या जवस तेलाचा पातळ हात, जोड सोडून. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.

ड्रम किंवा पॅड घ्यायला येताना बॅट आणा, नाही जमलं तर पुठ्ठा कापत कापत पाठीच्या खोलगट भागात बरोबर बसवा आणि तोच घेऊन या, त्यावरून आम्ही माप काढून देतो.